अठ्ठावन्न गुणांचे नाणे

माणसाची पारख करायची वेळ आली, की आपली मराठी भाषा हमखास नाण्याकडे धाव घेते. भरवशाचा, चोख माणूस दिसला की तो ‘बंदा रुपया’. सभा गाजवणारा वक्ता हे ‘खणखणीत नाणे’. ज्याला सगळीकडे मागणी, ते ‘चलनी नाणे’. मुलगा उनाड निघाला, की बाप ‘आपलेच नाणे खोटे’ म्हणून कपाळाला हात लावतो. आणि त्याच मुलाने पुढे आणखी काही दिवे लावले, की घराण्याच्या नावाला ‘बट्टा’ लागतो. जणू नाण्याइतकी निःसंदिग्ध वस्तू जगात दुसरी नाही! माणूस कळायला कठीण. नाणे मात्र दगडावर आपटले, कानाला आवाज बरा लागला, की लागला निकाल.

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हे वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. नाणेसंग्राहकांच्या दुनियेत डोकावल्यावर मात्र मोठी मौज वाटली. तिथे सारा मामला उलटा आहे. आपण माणसाची पारख नाण्यावरून करतो. त्या लोकांनी नाण्याची पारख करण्यासाठी माणसांच्या परीक्षेची रीत उचलली आहे. ते नाण्याला चक्क मार्क देतात. तेही शंभरापैकी नव्हे, सत्तरापैकी! आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला रात्री-अपरात्री ज्या शंका छळतात, त्या सगळ्या या मार्कांच्या पाठोपाठ तिथेही जाऊन पोहोचल्या आहेत.

आधी आपल्या घरचे पाहू. अठराव्या शतकातल्या मराठी मुलखात एकच एक असा रुपया नव्हता. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, हाली सिक्का असे नाना परींचे रुपये फिरत असत, आणि एकाचा भाव दुसऱ्याशी जुळत नसे. खजिन्यात पोतदार बसे. आलेले नाणे वाजवून, निरखून, जोखून घेणे हे त्याचे काम. रुपया झिजलेला, हिणकस किंवा परमुलखातला असला, की सराफ त्यावर काही सूट कापून घेई. त्या सुटीचे नाव बट्टा. आपल्या नावाला लागतो तो बट्टा हाच. खात्री पटली म्हणजे सराफ नाण्यावर आपला बारीकसा ठसाही मारून ठेवीत. असे ठसे कित्येक जुन्या रुपयांवर आजही दिसतात.

पोतदाराचा प्रश्न साधा होता: यात चांदी किती? या प्रश्नाला उत्तर असते. अगदीच वाद झाला तर नाणे आटवावे आणि चांदी तोलावी. आजच्या परीक्षकापुढचा प्रश्न निराळा आहे. नाणे खरे आहे हे ठरले, की त्याला विचारतात: हे नाणे किती चांगले राहिले आहे? आता ‘चांगले’ कोणत्या तराजूत घालावे? काळाचा विनोद असा, की ज्या सराफी ठशाने तो रुपया एके काळी खरा ठरला, त्याच ठशामुळे आज संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत उतरते. कालची साक्ष आज डाग ठरली.

तर हा सत्तराचा आकडा आला कुठून? अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो, असा त्यांचा सिद्धान्त. स्थूल, पिळदार आणि किडकिडीत असे तीन घटक कल्पून ते प्रत्येक माणसाला तिन्हींत एक ते सात आकडे देत. शास्त्राने तो सिद्धान्त पुढे अडगळीत टाकला. पण आकडे देण्याची ही हौस त्यांनी आपल्या छंदातही नेली. तो छंद होता अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या सेंटांचा. १९४९ साली त्यांनी ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ हे पुस्तक काढले आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. १७९४ सालचा सेंट जेमतेम ओळखू येण्याइतका झिजला असेल तर त्याची किंमत एक डॉलर. तोच अगदी निर्दोष असेल तर सत्तर डॉलर. म्हणून सर्वांत वाईट नाण्याला १ आणि सर्वांत उत्तम नाण्याला ७०.

म्हणजे पाहा, सत्तर हे मुळात गुण नव्हतेच. तो त्या वेळचा बाजारभाव होता! थोड्याच वर्षांत भाव कुठल्या कुठे गेले, डॉक्टरांचे सूत्र कोलमडले, पण आकडे तसेच राहिले. १९७७ साली अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या प्रमाण-पुस्तकात तीच पट्टी तांब्या-चांदी-सोन्याच्या सगळ्याच अमेरिकन नाण्यांना लावली. भाड्याचे घर पडले आणि दारावरचा क्रमांक तेवढा उभा राहिला, त्यातलाच हा प्रकार.

या डॉक्टरांची पुढची हकीकत कडू आहे, पण ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९७७ सालीच ते वारले. त्यानंतर उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट त्यांनी गुपचूप उचलले होते आणि त्या जागी त्याच सालाचे, त्याच जातीचे, पण उतरत्या प्रतीचे आपले सेंट ठेवून दिले होते. नाण्यांची संख्या तेवढीच, साले तीच. फरक फक्त प्रतीचा. तो ओळखायला शेल्डन यांच्यासारखीच नजर हवी. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले तेव्हा बिंग फुटले. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले, आणि १९९६ साली अपील न्यायालयाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. ज्याने जगाला मोजपट्टी दिली, त्यानेच माप मारले होते.

मोजपट्टी मात्र चालूच राहिली. तिची खरी गंमत साठाच्या आसपास आहे. साठ या आकड्याला तिथे मोठा मान. वापराने मुळीच न झिजलेले नाणे साठ आणि त्यावर. किंचितही झीज झाली असेल तर साठाच्या आत. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग, हे ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले, त्यांना हे लगेच घरचे वाटेल. पण जरा थांबा. टांकसाळीतून नाणी बाहेर पडत ती पिशव्यांतून. अमेरिकेचे चांदीचे मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडले गेले, ते हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून ठेवीत. त्यांतले पुष्कळसे बाजाराचे तोंडही न पाहता तळघरांत पडून राहिले. पिशवी उचलली, आदळली, की डॉलर डॉलरवर घासे आणि राणीसारख्या दिमाखाने कोरलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावर ओरखडे उठत. असे ओरखड्यांनी भरलेले नाणे कधी कोणाच्या हाती गेले नाही, म्हणून साठ! आणि दुसरे एखादे नाणे दोन-चार हातांतून फिरले, केसांच्या उंचवट्यावर किंचित झीज आली, पण बाकी झळाळी शाबूत, चेहरा निर्मळ, त्याला अठ्ठावन्न!

दोन्ही शेजारी ठेवून कोणाही जाणत्याला विचारा. तो पुष्कळदा अठ्ठावन्नवाले उचलील. अनुभवी संग्राहकांत अठ्ठावन्नाच्या नाण्यांचे खास चाहतेच आहेत. घराबाहेर पाऊल न टाकता भावंडांशी मारामाऱ्या करून तोंड ओरबाडून घेतलेला मुलगा पहिल्या वर्गात, आणि चार ठिकाणी फिरून शहाणा झालेला दुसऱ्या वर्गात. असे निकाल आम्हा मास्तरांना नवीन नाहीत.

साठाच्या वरची कथा आणखी नाजूक. ६० ते ७० हे अकरा आकडे, सगळे न वापरलेल्या नाण्यांचे. आरंभी ६०, ६५ आणि ७० एवढ्या तीनच पायऱ्या होत्या; पुढे मधल्या पायऱ्या भरत गेल्या. आता ६४ आणि ६५ यांतला फरक काय, तर इकडे एक ओरखडा कमी, तिकडे झळाळी जराशी अधिक. परंतु तेवढ्या एका आकड्याने दुर्मीळ नाण्याची किंमत कित्येक पटींनी वर चढते. एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स टांकसाळीतले कितीतरी मॉर्गन डॉलर मुळातच पुसट ठशाचे आहेत. स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस त्यांत नीट उमटलेच नाहीत. आता परीक्षकापुढे केस नसलेले नाणे आले. हे केस वापराने झिजले, की जन्मतःच नव्हते? पहिले असेल तर साठाच्या आत, दुसरे असेल तर साठाच्या वर. उत्तरपत्रिकेत एखादा मुद्दा नसला, की मलाही हाच प्रश्न पडतो: पोरगा विसरला, की त्याला कोणी शिकवलेच नव्हते? जाणता परीक्षक नाणे दिव्याखाली फिरवून पाहतो. झीज असेल तिथे झळाळी तुटते. ठसाच पुसट असेल तर झळाळी अखंड फिरते. हे शास्त्र आहे खरे, पण डोळ्यांत मुरलेले शास्त्र. दिवा बदलला, वेळ बदलली, तर त्याच डोळ्यांना ६४चे ६५ दिसू शकतात.

पूर्वी ही प्रत विकणाराच सांगत असे. विकताना तो नाणे चढवून सांगे, घेताना उतरवून. म्हणून १९८० नंतरच्या दशकात त्रयस्थ परीक्षकांच्या कंपन्या निघाल्या. पीसीजीएस आणि एनजीसी या त्यांतल्या दोन मोठ्या. नाणे तिथे पाठवायचे. एकाहून अधिक परीक्षक ते स्वतंत्रपणे पाहतात, एक आकडा ठरतो, आणि नाणे प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचे बंद होते. डबीत चिठ्ठी; चिठ्ठीवर साल, नाव आणि आकडा. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. नाण्यांच्या प्रदर्शनांत अशा डब्या आता आपल्याकडेही दिसतात. या व्यवस्थेने बनावट नाण्यांना पुष्कळ आळा बसला, आणि घरबसल्या नाणे घेणाऱ्याला आधार मिळाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण डबी बंद झाली म्हणून शंका बंद झाली असे नाही. एका कंपनीने ६४ दिले, की हुशार व्यापारी डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतो. न जाणो, या खेपेला ६५ येतील! आले नाहीत तर पुन्हा. आमच्या विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाचा अर्ज असतो. त्याला निदान मुदत तरी असते! यातून आणखी एक घोटाळा होतो. कोणत्या आकड्याची किती नाणी आपण तपासली याचे तक्ते या कंपन्या प्रसिद्ध करतात. एकच नाणे तीनदा गेले आणि जुन्या चिठ्ठ्या परत पोहोचल्या नाहीत, तर तक्त्यात ती तीन नाणी होतात. मतदारयादीत एकच मतदार तीनदा, तसे.

१९९० साली अमेरिकन सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. आपली प्रतवारी वस्तुनिष्ठ आहे हा दावा अतिरंजित आहे, असे आयोगाचे म्हणणे. कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली आणि जाहिरातींत खुलासा घालण्याचे कबूल केले. त्याच सुमारास यंत्राकडून मार्क देऊन पाहण्याचाही प्रयोग झाला. संगणकाला ना झोप येते ना कंटाळा. पण तो प्रयोग टिकला नाही. पुढे २००७ साली परीक्षकांचीही परीक्षा घेणारी एक संस्था निघाली. दिलेला आकडा योग्य वाटला तर ती डबीवर हिरवी टिकली लावते. नाण्याला त्याहून अधिक मिळायला हवे होते असे वाटले तर सोनेरी. २०२३पासून त्याच नावाखाली स्वतंत्र प्रतवारीही सुरू झाली. परीक्षकावर मॉडरेटर, आणि अखेर मॉडरेटरही परीक्षक!

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गेल्या महिन्यात ते हातरुमालात बांधलेला एक राणीछाप रुपया घेऊन माझ्याकडे आले. मागोमाग काकूही आल्या.

“सर,” अण्णा म्हणाले, “मुलगा म्हणतो, हा परदेशी कंपनीकडे पाठवू. साठाच्या वर आकडा आला तर बरी रक्कम येईल. नातीची इंजिनिअरिंगची फी भरायचीय. तुम्ही यातलं वाचता, म्हणून म्हटलं विचारावं.”

मी रुपया कडेने धरून खिडकीशी नेला. राणीचा चेहरा आरशासारखा लखलखत होता. जुनी चांदी इतकी लखलखली, की समजावे.

“अण्णा, हा घासता कशानं?”

“चिंचेनं,” काकूंनीच उत्तर दिले. “आणि वरून रांगोळी. दर लक्ष्मीपूजनाला. सासूबाईंची पद्धत आहे ती.”

मी त्यांना जमेल तसे समजावले. टांकसाळीच्या ठशाखाली धातू दबतो, पसरतो. त्या पसरण्याने पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात, आणि त्यांच्यावर उजेड खेळतो ती मूळची झळाळी. घासले, की त्या रेषाच जातात. मग जी चमक दिसते ती आपल्या हाताची, टांकसाळीची नव्हे. अशा नाण्याला या कंपन्या आकडा देत नाहीत. नाणे खरे आहे, पण साफ केलेले आहे, एवढेच चिठ्ठीवर लिहितात.

काकूंचा चेहरा उतरला. “म्हणजे साठ वर्षं देवापुढं ठेवला, स्वच्छ केला, म्हणून नापास?”

“नापास नाही हो काकू,” मी म्हणालो. “निकाल राखून ठेवला.”

त्या हसल्या. अण्णा मात्र हसले नाहीत. फी काही त्या एका रुपयावर अवलंबून नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला आपण नातीसाठी काही ठेवले होते असे वाटायला हवे असते. राणीछाप रुपये अमाप निघाले. साधारण सालाच्या, घासलेल्या रुपयाला चांदीपेक्षा फार मोठी किंमत येत नाही, हेही मी त्यांना सांगितले. पाठवणावळ आणि तपासणीची फी यांतच रुपया खर्ची पडला असता. खोटी आशा दाखवणे म्हणजे शेजारधर्म नव्हे. त्यांनी रुपया पुन्हा रुमालात बांधला आणि काकूंच्या हाती दिला.

आता उलट बाजूची एक हकीकत सांगतो. १९१३ सालाचे, जुन्या स्वातंत्र्यदेवीच्या छापाचे पाच सेंटांचे अमेरिकन नाणे जगात फक्त पाच आहे. त्यांतले एक ज्या संग्राहकाकडे होते तो १९६२ साली मोटार-अपघातात वारला. वारसांनी संग्रह विकायला काढला, तेव्हा तज्ज्ञांनी सांगितले, की या नाण्यावरचे साल खोडसाळपणे बदललेले आहे. हे अस्सल नव्हे. कुटुंबाने ते परत घेतले आणि कपाटात ठेवून दिले. चाळीस वर्षे ते तिथेच होते. २००३ साली बाल्टिमोरच्या प्रदर्शनाच्या वेळी उरलेली चारही नाणी एकत्र आली. तज्ज्ञांनी पाचवे त्यांच्याशेजारी ठेवून पाहिले आणि एकमताने निर्णय दिला: अस्सल! २०१३ साली ते लिलावात एकतीस लाखांहून अधिक डॉलरना गेले. या चाळीस वर्षांत त्या नाण्यात कणभरही बदल झाला नव्हता. बदलले ते पाहणाऱ्याचे मत. आणि ते बदलू शकले याचे कारण एकच: ‘खोटे’ ठरल्यावरही घरच्यांनी ते फेकून दिले नाही.

मला वाटते, साऱ्या भानगडीचे मर्म इथे आहे. परीक्षकाचे मत हे मत असते. चांगल्या परीक्षकाचे मत मोलाचे असते, त्यासाठी पैसे मोजावेत, त्याचा मान ठेवावा. पण ते अमक्या दिवशी, अमक्या दिव्याखाली, अमक्या डोळ्यांना वाटले ते. ते डबीत बंद केले, वर आकडा छापला, की मतासारखे दिसेनासे होते. चांदीइतकेच टणक दिसू लागते. मग लोक नाणे विकत न घेता आकडा विकत घेतात. जाणते संग्राहक नवशिक्यांना बजावतात, की नाणे घ्या, डबी घेऊ नका. ५९ आणि ६० यांच्यामध्ये एक आकडा लिहून मी दरसाल कोणा ना कोणा मुलाचा वर्ग ठरवत असतो. त्या सल्ल्यातले शहाणपण मला निराळे समजावून सांगायला नको.

असो. दिवाळी तोंडावर आहे, तेव्हा शेवटी कामाचे दोन शब्द. घरात जुनी नाणी असतील आणि ती कधी विकावी असे मनात असेल, तर त्यांना चिंच, लिंबू, राख, दंतमंजन यांतले काहीही लावू नका. काळी पडली असतील तर काळीच राहू द्या. नाणे कडेने धरा, बोटांचा घाम तोंडावर लागू देऊ नका. विकत घेणार असाल तर आधी भिंग घेऊन नाणे पाहा, मग चिठ्ठी वाचा, आणि एका आकड्यासाठी दुप्पट पैसे टाकण्यापूर्वी एक रात्र झोप घ्या.

आणि रुपया जर पूजेचाच असेल, कोणाला विकायचा नसेल, तर चिंच-रांगोळी खुशाल घ्या आणि लख्ख करा. लक्ष्मी काही डबीवरचा आकडा वाचून घरात पाऊल टाकत नाही.